आकाराच्या जागी दोन आकडे
लिनक्स नव्याने शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'डेव्ह' फोल्डरची सविस्तर यादी काढली की फायलीच्या आकाराच्या जागी '८, १' असे दोनच आकडे का दिसतात?

कारण त्या फायलीत मजकूर नसतोच; ती एखाद्या उपकरणाची खूण असते. डिस्क असो वा टर्मिनल, फायलीसारखंच वाचायचं-लिहायचं, असं केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स रचताना ठरवलं. पहिला आकडा, मेजर, काम कोणत्या ड्रायव्हरकडे सोपवायचं ते सांगतो. दुसरा, मायनर, त्याच्या ताब्यातलं नेमकं कोणतं उपकरण ते. सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच म्हणा ना! '८, ०' ही अख्खी पहिली डिस्क, '८, १' तिचं पहिलं पार्टिशन, तर दुसरी डिस्क '८, १६' पासून सुरू. फायलीचं नाव खुशाल बदला. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आकडेच पाहतो.

पूर्वी लिनक्समध्ये या जोडीला मिळून १६ बिट होते. मेजर २५६, मायनर २५६. एका मेजरखाली जेमतेम १६ डिस्क मावायच्या. मोठ्या सर्व्हरना ते पुरेना. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीने ३२ बिट दिले: मेजरला १२, मायनरला २०.

मला भुरळ पडते ती मांडणीची. जुन्या हिशेबात '८, १' म्हणजे ८ गुणिले २५६ अधिक १, म्हणजे २०४९. मायनरला सलग २० बिट दिले तर तोच आकडा ८३,८८,६०९ होतो आणि जुने प्रोग्रॅम कोलमडतात. म्हणून कर्नलबाहेर आकडा पाठवताना मायनरचे खालचे ८ बिट जुन्याच जागी ठेवले, त्यांच्या डावीकडे मेजर, आणि मायनरचे उरलेले १२ बिट पार वरच्या टोकाला. २०४९ जिथल्या तिथे! कर्नलच्या आत मात्र सलग मांडणीच चालते. म्हणूनच ड्रायव्हर लिहिताना हा आकडा हाताने फोडू नये, त्यासाठीचे तयार मॅक्रोच वापरावेत.

या आकड्याची बिटांमधली रुंदी वाढवायला हवी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तो आंद्रिस ब्राउवर या डच गणितज्ञाने. ग्राफ थिअरीतला हा मोठा माणूस. लिनक्सची मॅन पानंही त्याने बरीच वर्षं सांभाळली. त्याचा आग्रह ६४ बिटांचा होता, तडजोड ३२ वर झाली. युनिक्सच्या गोष्टीत थॉम्प्सन-रिची सगळ्यांना ठाऊक असतात. ब्राउवरचं नाव आपल्या संगणकशास्त्राच्या वर्गांतही घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.