न्यूमोनियाच्या पाठोपाठ बुरशी

लंडनमधल्या पिनरजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात मार्च २०२० मध्ये कोविडमुळे अतिदक्षता विभागाच्या खाटा अपुऱ्या पडल्या. इतक्या गंभीर रुग्णांना पुढे आणखी एक दुखणं गाठू शकतं: ॲस्परजिलस बुरशीचा संसर्ग. तिचे बीजकण परसातल्या कंपोस्टमधून उडतात, रोज आपल्या श्वासात जातात. धडधाकट फुप्फुसं ते परस्पर निपटतात. पण विषाणूने श्वासनलिकांचं अस्तर सोलवटलं, त्यात जीव वाचवणाऱ्या डेक्सामेथासोननेच प्रतिकारशक्ती दबली, की बुरशीचं फावतं. गंभीर फ्लूमध्येही हे घडतं. ताप तोच, धाप तीच. म्हणून निदान रेंगाळतं. फुप्फुसात सोडून परत ओढलेल्या सलाइनमध्ये गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीचा अंश तपासतात. औषध बहुधा व्होरिकोनॅझोल. महाराष्ट्रात २०२१ मध्ये धडकी भरवणारी ‘काळी बुरशी’, म्हणजे म्युकर, वेगळी. ती या औषधाला दाद देत नाही.