अंगठा उठविण्यापूर्वी

भाटकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठविणाऱ्या मुंडकाराची आपण कीव करीत आलो. आज चांगली शिकलेली मंडळी मोबाईलच्या पडद्यावरील ‘मान्य आहे’ या शब्दांवर तोच अंगठा दिवसातून अनेकदा टेकवितात आणि त्यात वावगे काही झाले असे कोणासही वाटत नाही. विजेरीचे काम करणारे एक ॲप वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा जाहिरातदारांना पुरविते, असा ठपका अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१३ साली ठेवला होता. उजेड पाडण्यासाठी माणसाचा पत्ता कशास हवा?

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. पुढे २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. या कायद्यातील एक तरतूद आम्हांस विशेष मोलाची वाटते. संमतीची विचारणा इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा नागरिकास असली पाहिजे, असे तो सांगतो. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा त्या परिशिष्टात आहेत.

परंतु जो वाचीतच नाही, त्याचे रक्षण कायदा तरी कसे करणार? मराठी की कोकणी या वादात वर्षानुवर्षे घालविलेल्या गोमंतकीयांनी निदान ही मागणी तरी एकदिलाने करावी: आधी आमच्या भाषेत सांगा, संमतीचे मग पाहू.