बेवारस ट्रॉली

रविवारी संध्याकाळी वाशी, सीवूड्स किंवा खारघरमधील एखाद्या मॉलच्या वाहनतळात सहज फेरी मारावी. सामान डिकीत चढलेले असते, गाडीही निघून गेलेली असते आणि मागे खांबाला टेकून, उतारावर तिरपी किंवा नेमकी अपंगांसाठी राखलेल्या जागेत रिकामी ट्रॉली उभी असते.

ही ट्रॉली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीचे दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी १९३७ मध्ये आपल्या दुकानांत आणली. सुरुवातीला ग्राहक तिला हात लावेनात, तेव्हा ती ढकलत फिरण्यासाठी त्यांनी चक्क माणसे नेमली होती! पुढे एकीत एक शिरणाऱ्या ट्रॉल्या आल्या आणि जागेची अडचण मिटली. त्या परत आणण्याची मात्र मिटली नाही. जर्मनी, ब्रिटनमध्ये अनेक दुकानांनी त्यावर नाण्याचे कुलूप काढले. नाणे घातले की साखळी सुटते. ट्रॉली जागेवर नेऊन साखळी पुन्हा अडकवली की नाणे परत मिळते.

आपल्याकडे हे काम गणवेशातल्या मुलांवर सोपवलेले असते. 'त्यांना पगार त्याचाच मिळतो' हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो ट्रॉलीपुरताच पाहतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या केस कायझर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक वाहनतळातला होता. 'ट्रॉली जागेवर ठेवा' अशी सूचना तेथे लावलेली होती आणि उभ्या गाड्यांच्या काचांवर जाहिरातीचे कागद अडकवलेले होते. ट्रॉल्या आवरलेल्या असताना ३० टक्के लोकांनी तो कागद जमिनीवर टाकला. चार ट्रॉल्या इतस्ततः सोडल्यावर हे प्रमाण ५८ टक्के झाले. कागदाचा ट्रॉलीशी काहीही संबंध नव्हता. येथे नियम पाळला जात नाही, एवढेच त्या चार ट्रॉल्यांनी येणाऱ्यांना सांगितले.

कडेवर मूल असलेल्या आईने किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी ट्रॉली तिथेच सोडली, तर त्यांना बोल लावू नये. ती दुसऱ्या कोणी तरी न्यावी. खरेदीला येणाऱ्याला तर हे सर्वांत सोपे. दुकानात शिरल्यावर त्याला ट्रॉली लागणारच असते.