पैलवानाचा खुराक आणि गांवचें इनाम

जत्रेच्या मैदानांत कुस्ती निकाली झाली कीं आमच्या पेठेंतील व्यापारी बंधूंचा हात मोकळा सुटतो. फेटा, रोकड, चांदीची गदा, कशाचीच उणीव राहात नाहीं. पण ज्या पोराच्या डोक्यावर तो फेटा चढला त्यानें वर्षभर काय खाल्लें, हें विचारणारा तेथें एकही आढळत नाहीं.

पैलवानी म्हणजे तूप, बदाम आणि थंडाई, अशी तालमींतून दृढ समजूत आहे. आणि ह्या जिनसा न परवडल्यामुळें कित्येक शेतकऱ्यांचीं मुलें हौदा सोडून घरीं बसतात. वस्तुतः ऑलिंपिक नियमांची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. त्या झटापटींत स्नायू जें इंधन जाळतात तें मुख्यत्वें धान्यांतील पिष्टापासून बनून स्नायूंतच सांठलेलें असतें. चरबी इतक्या त्वरेनें कामास येत नाहीं. म्हणजे जिला आपण गरिबाचें अन्न म्हणतों ती भाकरीच दमाची खरी शिदोरी होय. राहिलीं प्रथिनें. कसून मेहनत करणाऱ्यास वजनाच्या दर किलोमागें रोज १.२ ते २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मल्लास ७२ ते १२० ग्रॅम प्रथिनें लागतात. नुसत्या भाकरीनें तीं भागत नाहींत हें खरें. पण दूध, अंडीं, हरभरे, शेंगदाणे जोडीस दिले म्हणजे भागतात, आणि शेंगदाणा ह्या बाबतींत बदामाहून रतिभरही उणा नाहीं. (बदामाचे व्यापारी आम्हांस क्षमा करोत.)

कोणी म्हणेल कीं हें सरकारचें काम. असेल, पण १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव तेथें पोंचले ते मुख्यतः लोकांच्या मदतीनें. कोल्हापुरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं तर त्यांच्यासाठीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. वकिली पेशांत आम्हीं पुष्कळ गहाणखतें पाहिलीं. इतक्या चांगल्या कारणाचें एकही पाहिलें नाहीं.

आमची सूचना साधी आहे. इनामाची निम्मी रक्कम जत्रेच्या दिवशीं न उधळतां दरमहा तालमीच्या कोठारांत ज्वारी, हरभरे, शेंगदाणे व गूळ ह्या रूपानें पडावी, गवळ्याचा रतीब लावावा, आणि सगळा हिशेब तालमीच्या दारावर टांगावा. त्या पंगतींत मुलींचेंही पान असावें. २०२३ सालीं सांगलीस महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली खरी; परंतु कित्येक घरांत दुधाचा पेला अद्यापि भावाच्याच हातीं आधीं जातो.