थ्री फेज रात्रीची, शरीर दिवसाचं

रब्बीत गेवराई-माजलगावच्या शिवारात रात्री गव्हात, उसात बॅटऱ्यांचे उजेड हलताना दिसतात. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावंच लागतं.

‘शेतकऱ्याला जागरणाची सवय असते’ असं आपण सहज म्हणतो. शरीराचं म्हणणं वेगळं आहे. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे 20 हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. त्याचा दिवस 24 तासांहून किंचित मोठा असल्याने ते रोज जुळवावं लागतं, आणि जुळवतो तो उजेड. डोळ्याच्या पडद्यातल्या काही मोजक्या पेशींत मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं. बाहेर किती उजेड आहे याची खबर त्या या घड्याळाला देतात. निळसर उजेड त्यांना सर्वांत लवकर जाणवतो. 2002 सालापर्यंत विज्ञानाला त्यांचा नीट पत्ता नव्हता.

आता वाफ्यातला माणूस पाहा. बॅटरीचा झोत पडतो मातीवर, डोळ्यात जातो तो नगण्य. लक्स या उजेडाच्या मापात पौर्णिमेचं चांदणं अर्धा लक्ससुद्धा भरत नाही. म्हणजे रात्रभर घड्याळाला ‘रात्र आहे’ हीच खबर. मग सकाळी घरी परतताना हजारो लक्सचं ऊन समोरून येतं आणि ‘दिवस उजाडला’ म्हणून घड्याळ पक्कं करून टाकतं. झगझगीत दिव्यांखाली राबणाऱ्या कामगाराचं घड्याळ निदान थोडंफार सरकतं. याचं सरकतच नाही. सरकायला लागलंच, तरी दिवसाला जेमतेम तासभर, आणि तोवर पाळी बदललेली असते. विमानात न बसताच हा माणूस दर आठवड्याला परदेशी जाऊन येतो.

पहाटे 3 ते 5 या वेळात अंगाचं तापमान तळाला असतं, भान मंदावतं. नेमकं तेव्हाच ओल्या हाताने स्टार्टरचं बटण दाबायचं असतं.

यावर झोपेचे सल्ले काय कामाचे? खरा उपाय वेळापत्रकात आहे. 2017 साली आलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. आपला फीडर त्यात येईपर्यंत संध्याकाळी थोडी झोप काढून निघावं, सकाळी परतताना डोळ्यांवर टोपी ओढावी, खोलीत अंधार करून झोपावं. आणि पहाटे मोटार बंद पडली, तर उजाडेपर्यंत स्टार्टरची पेटी उघडू नये.