डाव कमरेतून निघतो

खासबाग मैदानात कुस्ती लागली, खडाखडी सुरू झाली की बहुतेकांची नजर पैलवानांच्या हातांवर असते. मुरलेला वस्ताद मात्र पावलं पाहतो. भार कोणत्या पायावर आहे, हे ज्याला आधी कळतं, त्याचा डाव आधी बसतो.

माणूस उभा असताना त्याचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली असतो. तिथून सोडलेला ओळंबा दोन पावलांमधल्या जागेत पडतो तोवर तोल शाबूत. तो बाहेर गेला की पाऊल टाकायचं, नाहीतर पडायचं. चालताना आपण दर पावलाला हेच करतो. चालण्याचा साधारण 80 टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो, आणि कुस्तीत संधी म्हणतात ती बहुतेक त्याच वेळात दडलेली असते.

समोरच्याचा दंड धरून हिसका दिला की तोल राखायला त्याचा पाय आपोआप पुढे येतो. ताकद कितीही असो, शरीराची ही सवय मोडता येत नाही. आता दोन पायांचं दोन तऱ्हेचं असतं. ज्या पायावर पूर्ण भार पडला, तो चटकन मागे घेता येत नाही. एकेरी पट त्यालाच काढावा. जो पाय टेकतोय पण अजून भार घेतलेला नाही, तो टांगेने उडवावा. हीच अदलाबदल झाली तर तोच डाव, तेवढाच जोर, आणि हाती काहीच नाही.

पट काढताना नवशिकी पोरं पाठीतून वाकतात. मान खाली जाते, नजर मातीत, आणि वरचा पैलवान मानेवर छाती टाकून दाबतो. लहान मूल खाली पडलेली वस्तू उचलताना काय करतं ते पाहावं: गुडघे आणि खुबा दुमडून ते उकिडवं बसतं, पाठ सरळच राहते. पटात शिरायचं ते असंच. कंबर खाली, छाती वर, कपाळ समोरच्याच्या बरगडीला आणि रेटा मागच्या पायाचा.

ढाकेतही हाताचं काम थोडंच. मानेला कव घालून वळायचं आणि आपली कंबर त्याच्या कंबरेच्या खाली न्यायची. त्याचा गुरुत्वमध्य आपल्या कंबरेवर आला की त्याला उचलावं लागत नाही, तो फिरतो. आपली कंबर वर राहिली तर मात्र त्याचं सगळं वजन आपल्या मणक्यावर येतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाकेत तरबेज होते. लंडनला 1948 मध्ये फ्लायवेट गटात सहावे आलेल्या खाशाबांनी 1952 मध्ये हेलसिंकीला बॅंटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. इतक्या हलक्या गटातल्या मल्लाने एवढी मजल मारली यात मला तरी वळण्याची वेळ अचूक साधण्याचं मोल दिसतं.

जुन्या मेहनतीत हे शहाणपण आहेच. जोर मारताना खांदे, पाठ आणि खुबा एका ओघात हलतात. फावड्याने हौदा उकरताना खुब्यातून वाकणं आणि कमरेतून वळणं दोन्ही घडतं. उखाड या डावाला तेच लागतं. माझी तक्रार आहे ती नुसत्या आकड्यांवर. पोराला बैठकांची संख्या वाढवायला लावतात, पण एका पायावरून दुसऱ्या पायावर भार कसा न्यायचा हे कुणी दाखवत नाही. मग मांड्या होतात, पावलं जड राहतात.

मॅटवर हा प्रश्न जास्तच टोचतो. मातीत अनवाणी पाऊल सरकतं, वळताना आपोआप फिरतं. मॅटवर बुटाचा तळ घट्ट धरतो. कंबर वळली आणि पाऊल तिथंच राहिलं तर पीळ गुडघ्यात उतरतो. म्हणून मातीतून मॅटवर येणाऱ्या पोरांना सुरुवातीला डाव न लावता, टाच उचलून चवड्यावर वळण्याचाच सराव द्यावा. आधी एकट्याने, मग जोडीदाराचा दंड धरून, आणि शेवटी तो ओढत असताना.