व्याण्याच्या काळातील गाईचे मेद-चयापचय व यकृताचे आरोग्य

प्रस्तावना :
हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव परिसरात उसाच्या जोडीने दूध हा शेतकरी कुटुंबांचा महत्त्वाचा आधार आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघामुळे या व्यवसायास स्थैर्य लाभले. दुधाचा दर फॅट व एसएनएफवर ठरत असल्याने नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधाला जास्त फॅट लागली की पशुपालकास समाधान वाटते. परंतु ही वाढीव फॅट काही वेळा गाईच्या अंगावरील चरबी झपाट्याने वितळत असल्याची खूण असते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे विवेचन केले आहे.

संक्रमण काळ :
व्याण्यापूर्वीचे तीन व नंतरचे तीन आठवडे यांस संक्रमण काळ म्हणतात. गर्भाची अखेरची वाढ आणि पुढे चीक व दूध यांमुळे ऊर्जेची गरज वाढते. नेमकी त्याच सुमारास भूक मंदावते. ही तूट भरून काढण्यासाठी शरीरातील चरबीचे विघटन होऊन मेदाम्ले रक्तात उतरतात. त्यांपैकी काही कासेत जाऊन दुधाची फॅट वाढवितात, तर बरीचशी यकृताकडे जातात.

यकृतावरील भार :
यकृतात काही मेदाम्लांचे पूर्ण ज्वलन होते. काहींच्या अपुऱ्या ज्वलनातून कीटोन द्रव्ये तयार होतात. उरलेल्यांचे पुन्हा चरबीत रूपांतर होते. ही चरबी रक्तावाटे बाहेर धाडण्याची क्षमता रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या यकृतात मुळातच कमी असल्याने ती तेथेच साचते. रक्तातील बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे कीटोन द्रव्य लिटरमागे सुमारे १.२ मिलिमोल किंवा अधिक झाल्यास सुप्त कितनबाधा मानली जाते. वरकरणी गाय निरोगी दिसते. तथापि दूध घटणे, गर्भाशयदाह होणे व गाभण राहण्यास विलंब लागणे यांचा धोका वाढतो.

निदान व प्रतिबंध :
केवळ फॅटवरून निदान करता येत नाही. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दुधातील फॅट व प्रथिने यांचे गुणोत्तर सुमारे १.४ पेक्षा अधिक असल्यास रक्त, दूध वा लघवीची कीटोन तपासणी करून घ्यावी.

भाकड काळात लठ्ठ झालेली गाय या विकारास अधिक बळी पडते, कारण व्याल्यावर तिची भूक अधिक घटते. म्हणून एक ते पाच गुणांच्या शरीरमापन पद्धतीत व्याण्याच्या वेळी ३ ते ३.५ गुण असावेत. केवळ उसाच्या वाड्यावर गाय ठेवणे पुरेसे नाही. चांगली वैरण द्यावी आणि अखेरच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवावा. बाधा आढळल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रोपिलीन ग्लायकॉल पाजतात.

समारोप :
व्याल्यावर अचानक चढलेली फॅट हे नेहमीच सकस आहाराचे फळ नसते. दुधाच्या पावतीवरील आकडा गाईच्या भुकेशी व अंगकाठीशी ताडून पाहिल्यास पुढील संपूर्ण वेताचे नुकसान टाळणे शक्य होते.